डिंक

आमच्याकडे गाडीचा नंबर हेल्मेटवरही चिकटवावा लागतो,
म्हणजे डोकं आणि गाडी एकाच माणसाची आहेत
एवढं तरी सरकारला कळावं.
गाडी विकली त्या दिवशी नळापाशी बसून
नखाने एकेक अक्षर सोललं.
रॉकेल लावून पाहिलं, लिंबू चोळलं.
अक्षरं निघाली.
डिंक राहिला.

अकरा वर्षं विजेचे मीटर वाचत हिंडलो मी
नेइरापासून आरान्सासूपर्यंत, कॉफीच्या उतारांवरून,
त्या एकशेपंचवीसवर.
रंग मुळात तांबडा;
टाकीवर गुडघे टेकत तिथे नुसता पत्र्याचा.
तिला कुणी कधी मोटरसायकल म्हटलं नाही.
"खेचर कुठं बांधलंस?" नुबिया विचारायची.
खेचराने काय नाही वाहिलं:
गॅसचा सिलिंडर, केळीचा अख्खा घड,
सासूबाई, त्यांचं शिवणयंत्र (वेगवेगळ्या फेऱ्यांत),
आणि एकदा, पहाटे चारला,
आम्हा दोघांच्या मध्ये दाबून धरलेला
तापाने फणफणलेला विल्मार.
त्या पहाटे ती पहिल्या किकला सुरू झाली.
एरवी कधीच होत नसे.

मार्चमध्ये मला खुर्ची मिळाली.
मीटर आता पोरं वाचतात, मी त्यांचे आकडे तपासतो.
खुर्चीवरच्या माणसाला कॅरियर कशाला हवा?
मानिसालेसच्या दुकानात ती उभी होती, चारशेची, काळीनिळी,
पुढे अशी वाकलेली
जणू नीट ऐकू येत नाही म्हणून कान पुढे केलाय.
नुबियाने भोवती एक फेरी मारली,
मागची सीट तळव्याने दाबून पाहिली.
"ही मांजराची जागा," म्हणाली,
आणि तव्यावरची आरेपा उलटायला आत गेली.

पहिला रविवार. एकटाच.
खोटं कशाला बोलू,
तिसऱ्या वळणावर डोंगरच आडवा झाला माझ्यासाठी,
आणि पन्नाशीला टेकलेला मी
काचेच्या आत मोठ्याने ओरडलो,
काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.
मनगटं भरून आली होती. थांबलो नाही.

ओफेलियाबाईंचं घर आलं.
त्यांचा आकडा मला अजून पाठ: चव्वेचाळीस हजार दोनशे...
पुढचं आठवेपर्यंत घर मागे पडलं.
तिचा कुत्रा, जो अकरा वर्षं
माझ्या आवाजावर फाटकाशी येऊन शेपटी हलवायचा,
तो भुंकला. तोही उशिरा,
मी पुढच्या वळणावर पोचल्यावर.

मग चढावर तो खुळखुळाट.
चेनच्या कव्हरचा एक स्क्रू मीच कधी घट्ट केला नव्हता.
दिसायच्या आधी ऐकू आली ती.
वर युरानी, मागे कोबीची दोन पोती,
पाठीवर नवीन जाकीट, त्यावर माझा नंबर.
माझा म्हणजे तिचा.
मी मागेमागे राहिलो, दुसऱ्या गिअरवर.
नवी गाडी कुरकुरू लागली,
मांड्या भाजायला लागल्या,
तरी राहिलो, कोबीचा वास घेत.
पोरीला वाटलं असेल, कोण हा म्हातारा हिरो.
तिने डावा हात सोडून खुणावलं: जा पुढं.
मीही ट्रकवाल्यांना तसंच खुणावायचो.
गेलो.

नाक्यावर पोलिसाने अडवलं.
तिरप्या उन्हात हेल्मेट फिरवून फिरवून पाहिलं:
खाली नवा नंबर, पांढरा, ताजा;
वर डिंकाला चिकटलेल्या धुळीने
जुना तसाच्या तसा लिहून काढलेला.
"दोन्हीतली गाडी कुठली?"
मी बोलायला तोंड उघडलं.
नेइरा, पोती, विल्मारचा ताप, कुठून सुरू करावं
ते ठरेना.
त्याने हेल्मेट हातात दिलं.
"नवीन घ्या साहेब. बसस्टँडसमोर माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे.
माझं नाव सांगा."
पण नाव काही त्याने सांगितलं नाही.